‘मनाचं आहे’ म्हणण्याआधी नाडी मोजा

प्रश्न : यांचं वय ६२. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. पावसाळ्यात कोविड झाला, घरीच बरे झाले. पण पाच महिने झाले तरी जिना चढताना मध्ये टेकावं लागतं. अंघोळ करून आले की धडधडतं. बरं वाटलं म्हणून बाजारात गेले, की पुढचे दोन दिवस अंथरुणात. टूडी इको नॉर्मल आहे. मुलगा म्हणतो, मनाचं आहे, रोज जास्त चालायला लावा. काय करू?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : ताई, आधी मुलाला हे वाचून दाखवा. मनाचं नाही. कोविड घरच्या घरी बरा झालेल्यांनाही पुढे वर्षभर हृदयाच्या तक्रारींचा धोका जास्त राहतो, हे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दीड लाखांहून अधिक नोंदींतून २०२२ मध्येच दिसलं आहे.

बाजाराचं लिहिलंत ते फार बरं केलंत. हृदयाचा दम बहुधा श्रम करतानाच लागतो, बसलं की ओसरतो. श्रम आज आणि अंथरूण उद्या, हा लाँग कोविडचा, म्हणजे कोविडनंतर महिनोन् महिने रेंगाळणाऱ्या त्रासाचा, थकवा. त्यात जास्त चालवलंत तर ते आणखी खचतील. बरं वाटेल त्या दिवशीही काम निम्म्यावर सोडायला लावा.

पण एवढ्यावरून हृदयाची फाइल मिटू नका. इको झोपवून काढतात, जिन्यावरचं त्यात दिसत नाही. ईसीजी, २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र), हिमोग्लोबिन, थायरॉइड यांबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

घरी एक करा. सकाळी १० मिनिटं आडवं पडू द्या, नाडी मोजा. मग भिंतीशी उभं करा, तुम्ही शेजारीच थांबा, १० मिनिटं दर दोन मिनिटांनी मोजून वहीत लिहा. चक्कर आली तर लगेच झोपवा. नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर ती वही डॉक्टरांना दाखवा. मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंद करणारी गोळी चालू असेल तर ही वाढ झाकली जाते, तेव्हा गोळीची वेळही लिहा.

अशा धडधडीवर मीठ-पाणी वाढवायला सांगणारे भेटतील. स्टेंटवाल्या माणसाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. अंघोळीला स्टूल ठेवा, पाणी कोमट घ्या. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं आणि धडधड वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

बसल्या जागी छाती दाटली, शुद्ध हरपली, किंवा दम बसूनही ओसरेना, तर वही राहू द्या, १०८ला फोन करा. पावलं सुजली किंवा आडवं पडल्यावर दम लागतो म्हणून रात्री उशी वाढवावी लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.