वाचकांचे प्रश्न : खेट्याहून परतलेली आई आणि नास्तिक मुलगा

प्रश्न : मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि देव मानत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले, तेव्हापासून आई माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालते, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर पायी जाऊन दर्शन घेते. यंदा ती अनवाणी जाऊन आली आणि तिच्या तळपायांना फोड आले. शेजारच्या काकू आणि माझे दोन मित्र घरी बसलेले असताना मी म्हणालो, "एसटीने गेली असतीस तरी देव तिथेच भेटला असता, त्याची काय बदली होते?" सगळे हसले. आई हसली नाही. पुढे आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. मित्रांचे म्हणणे असे की, खोट्या गोष्टीचा मान राखणे म्हणजे भोंदूगिरीला हातभार लावणे. शाहू महाराजांच्या आणि गोविंद पानसरे यांच्या गावात श्रद्धेची थट्टा करायची नाही, तर कुठे करायची? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मी स्वतः देव मानत नाही, हे आधी सांगते. त्यामुळे श्रद्धेचा आदर करा, असा उपदेश मी करणार नाही. अनवाणी चालल्याने ऑपरेशन यशस्वी होते, हे मला पटत नाही, आणि पटत नसताना आईंपुढे मान डोलावणे हा त्यांचाच अपमान होईल, कारण खरे मत आपण लहान मुलांपासून लपवतो, बरोबरीच्या माणसांपासून नव्हे. पण त्या दिवशी आईंनी तुमच्यापुढे कोणताही दावा मांडलेला नव्हता. पंचगंगेच्या घाटापासून डोंगरापर्यंत चालून आलेले पाय घेऊन त्या बसल्या होत्या, आणि तुमच्या वाक्यावर जे हसू उमटले ते त्या पायांवर उमटले. एवढ्यापुरते तुमचे चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या मित्रांचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी जटनिर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर मी गडहिंग्लज भागातल्या एका खेड्यात गेले होते. तिथल्या एका बाईंच्या डोक्यात जट झाली होती. यल्लम्मा अंगात आल्याची ती खूण आहे, असे घरच्यांनी ठरवले होते, आणि जट कापली तर देवी कोपेल या भीतीने कोणी तिला हात लावत नव्हते. वर्षानुवर्षांचे तेल आणि भंडारा मुरून ती दोरखंडासारखी कडक झाली होती आणि तिच्या वजनाने बाईंची मान एका बाजूला कलली होती. आमच्यातल्या एका तरुणाने विचारले, "देवीला राहायला दुसरी जागा मिळाली नाही काय?" बाईंनी पदर डोक्यावरून ओढला आणि त्या आत निघून गेल्या, त्या दिवशी पुढे काहीही झाले नाही. पुढच्या खेपेला एक वयस्कर कार्यकर्त्या उंबऱ्याशी बसल्या आणि त्यांनी देवीचा विषयच काढला नाही. "रात्री कूस बदलता येते का हो?" एवढेच विचारले. बाई रडू लागल्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी आधी देवीला भंडारा वाहिला, मग कात्रीपुढे मान केली. जट निघाल्यावर त्या कितीतरी वेळ नुसती मान डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहत होत्या. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला त्या पुढेही जात राहिल्या. देवीवरची श्रद्धा गेली नव्हती, कोपाची भीती गेली होती, आणि आमचे काम त्या भीतीपुरतेच होते.

हा फरक आपल्या कायद्यानेही पाळला आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. नरबळी, अघोरी उपाय, अंगात आल्याचे भासवून केलेली फसवणूक आणि शोषण यांना तो गुन्हा ठरवतो; यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना मात्र तो हातही लावत नाही, आणि तसे त्यात लिहूनच ठेवले आहे. भूत उतरवतो म्हणून पैसे उकळणाऱ्या बाबाची टर उडवायची असेल तर भर चौकात उडवा, मी तुमच्या शेजारी उभी राहीन. त्याचे सारे बळ लोकांना वाटणाऱ्या धाकात असते आणि लोक हसू लागले की तो धाक ओसरतो. आईंच्या खेट्यात कोणी कोणाला फसवत नाही. तिथे नवऱ्याच्या जिवाला घाबरलेली एक बाई चालत असते.

शाहू महाराजांचे नाव तुम्ही घेतलेत, म्हणून एक आठवण करून देते. शाहू महाराज नास्तिक नव्हते. पुरोहितांनी त्यांना वेदोक्त मंत्रांचा हक्क नाकारला त्या वेदोक्त प्रकरणात त्यांचा झगडा पुरोहितांच्या मक्तेदारीशी होता, आणि 1920 साली त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचे, स्वतंत्र पीठ उभे केले ते धर्माच्या आत राहूनच. थट्टेचे शस्त्र आपल्याकडे सर्वांत बेधडकपणे चालवले ते गाडगेबाबांनी. नवसाच्या बोकडावर त्यांनी कीर्तनात विचारलेल्या प्रश्नांनी गावेच्या गावे हसत. पण बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ज्याने दिवसभर आपली घाण काढली, त्याने रात्री आपल्याला हसवले तर माणूस रागावत नाही, विचारात पडतो. तुम्ही आईंच्या पायांना तेल लावून मग तो प्रश्न विचारला असतात, तर कदाचित त्या हसल्याही असत्या.

आदराची मागणी एकतर्फी असू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगायला हवे. गोपाळ गणेश आगरकरांनी धर्माची चिकित्सा केली, तेव्हा पुण्यात ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. आपल्याच गावात कॉम्रेड पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी फिरून घरी परतताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यामुळे "आमच्या भावना दुखावतात" एवढ्या कारणाने कोणी तुम्हांला प्रश्न विचारू नका म्हणत असेल, तर ते मुळीच ऐकू नका. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन हे संविधानाच्या अनुच्छेद 51क मध्ये 1976 साली घातलेले नागरिकाचे कर्तव्य आहे. मात्र त्याच कलमात, त्याच ओळीत, मानवतावादही लिहिलेला आहे, आणि मला ती जोडी फार विचारपूर्वक घातलेली वाटते.

आता घरातले. अपमान शेजाऱ्यांसमोर आणि मित्रांसमोर झाला आहे, तेव्हा माफीही त्यांच्यासमोरच मागा. स्वयंपाकघरात हळूच मागितलेली माफी अपुरी पडेल. माफी मागताना नास्तिकपण मागे घेऊ नका, त्याची गरज नाही. "मला देव पटत नाही, पण तुझ्या पायांवर मी हसायला नको होते" इतके म्हणा. मग बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री त्या दवाखान्यात बाहेर बसल्या होत्या तेव्हा त्यांच्या मनात काय चालले होते, ते विचारा. हे तुम्ही आजवर विचारले असेल, असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही. बोलणे सुरू झाले की अनवाणी चालण्यावर, रक्तातल्या साखरेवर, जखम चिघळण्यावर हवे तेवढे बोला. पायांत चप्पल घालायला त्या तयार होतील किंवा होणार नाहीत.

पुढच्या माघात जमले तर निदान वाटेतल्या कुशिरे गावापर्यंत पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याबरोबर चाला. वर देवळात गेलात आणि हात जोडावेसे वाटले नाहीत, तर जोडू नका. बाहेर पायरीवर त्यांच्या पिशवीजवळ बसून राहा.