दोन हजारांसाठी कराडला जा

चिरंजीव लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीची चलनं तीन आहेत, तर उत्तरंही तीनच निघणार. तू मात्र तिन्हींची एक मोट बांधलीस आणि विचारलंस, "काका, लोकअदालतीत एका दमात मिटवून टाकू का?" आप्पांचंही तेच म्हणणं. समोर मी फार बोललो नाही, कारण मला राग आला होता, आणि रागात मी घरातही उलटतपासणी घेतो अशी तुझ्या काकूची जुनी तक्रार आहे. म्हणून हे पत्र.

पहिलं चलन फोनचं. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल सुटला, गाडी निघाली आणि फोन कानालाच राहिला, हे तूच सांगितलंस. मग भर. आईचा फोन होता, दोनच मिनिटं बोललो, पुढचा रिक्षावालाही बोलत होता, यातलं एक अक्षर मला ऐकवू नकोस. हातात फोन धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या खेपेला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावरच्या तडजोडीच्या रकमेत सुटतेस हे उपकार समज आणि आजच्या आज भर. झालं ते झालं म्हणायचं.

दुसरं लक्ष्मीपुरीतलं, नो पार्किंगचं. बोर्ड नव्हता म्हणतेस. उद्या माल उतरवायला जाशील तेव्हा खाली उतरून नीट बघ. झाडाआड, दुकानाच्या फलकामागं कुठं बोर्ड असेल तर तेही भर. नसेल तर चारी बाजूंनी फोटो काढ. यावर माझं आत्ताच काही मत नाही.

माझं मत आहे ते तिसऱ्यावर. कराडच्या बाजूला महामार्गावर वेग जास्त, दंड २००० रुपये. मी फोटो मोठा करून बघितला. त्यात पांढरी मोटार आहे, तुझा छोटा हत्ती नाही. नंबरातला शेवटचा आकडा ३ आहे की ८, हे माझ्या चष्म्याला कळलं नाही आणि बहुतेक त्यांच्या यंत्रालाही कळलं नाही. तू काय म्हणालीस? "काका, मी त्या दिवशी यार्डात गूळ भरत होतो. किणीच्या पुढं गेलोच न्हवतो." आणि पुढच्याच वाक्यात, "पण सवलतीत मिटतंय तर भरून टाकतो."

बाई गं! तू तिथं नव्हतीस. मग मिटवायचं काय?

तुझा हिशोब मला कळतो. कराडला एक दिवस गेला की त्या दिवसाचं भाडं बुडालं, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा, आणि एका तारखेत काम संपत नाही. हप्ता थांबत नाही. गाडी तुझ्या नावावर, कर्ज तुझ्या नावावर. दोन हजार वाचवायला त्याहून जास्त जाणार, हे आप्पांनी कागदावर मांडून दाखवलं. बेरीज बरोबर आहे. तरीही जा. झालं असेल तर भर, झालं नसेल तर एक रुपया नाही. यात सवलतीला जागाच नाही. न केलेल्या गोष्टीचा निम्मा दंड हाही न केलेल्या गोष्टीचाच दंड.

लोकअदालतीला मी नावं ठेवत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं ती उभी राहिली आणि बँकांची, अपघात भरपाईची कितीतरी प्रकरणं मी स्वतः तिथं मिटवली आहेत. पण ती तडजोडीची जागा आहे. गाडी तुझी होती का, कॅमेरा बरोबर होता का, हे तपासायला तिथं कुणी बसलेलं नाही. आणि एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. दोघांनाही आपापलं थोडं सोडायचं असेल तेव्हा तिथं जावं. तुझ्याकडं सोडण्यासारखं काय आहे?

शिवाय हे प्रकरण दोन हजारांवर संपत नाही, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २०० मध्ये एक तरतूद घातली: तडजोडीनं मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळेला आधीचा गुन्हा म्हणून धरायचा. आणि वेगाच्या कलम १८३ मध्ये दुसऱ्या खेपेला लायसन्स जप्त करायची सोय आहे. म्हणजे आज तू दुसऱ्याच्या मोटारीचा वेग आपल्या नावावर घेतलास आणि उद्या खरोखरच कधी पाय जड पडला, की ती तुझी दुसरी खेप. लायसन्सवर तुझं पोट आहे. हे आप्पांच्या हिशोबात कुठं आहे?

आता काय करायचं ते सांगतो. आधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर तक्रार टाक. चलनातला फोटो, तुझ्या गाडीचा समोरून आणि बाजूनं फोटो आणि आरसी बुक, तिन्ही जोड. तक्रार गेल्याचा स्क्रीनशॉट ठेव. मग त्याच मजकुराचा अर्ज कागदावर लिहून वाहतूक शाखेत दे आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय हलू नकोस. फास्टॅगच्या बँकेकडून त्या दिवसाचं स्टेटमेंट काढ. कोल्हापूरची गाडी महामार्गानं कराडला जायची तर किणीचा टोलनाका लागतो. त्या दिवशी किणीला पैसे कापलेले नसतील तर तो कागद बोलेल. यार्डातली गेट पावती, वजनकाट्याची पावती, व्यापाऱ्याचं बिल, ज्यावर तारीख आणि वेळ आहे ते सगळं गोळा कर. वेळ नसलेला कागद फार कामाचा नाही.

इथंच चलन रद्द झालं तर उत्तम. नाही झालं, तर कोर्ट. कॅमेऱ्याच्या चलनासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आहे. यंत्राला मान्यतेचा दाखला लागतो आणि तो दरवर्षी नवा करावा लागतो. कॅमेरा असल्याची सूचना रस्त्यावर लावावी लागते. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस निघावी लागते, आणि तिच्यात नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा हे सगळं असावं लागतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं; पूर्वी ते साक्ष पुरावा कायद्याच्या ६५ब खाली असायचं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. यातलं काय आहे, काय नाही, हे विचारायचा तुला हक्क आहे.

एक पळवाटही सांगून ठेवतो, नाहीतर दुसरा कुणी सांगेल. ज्या गुन्ह्याला नुसता दंड आहे, त्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. फौजदारी संहितेत ते कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ५१४ आहे. तारखा बघ. मुदत गेली असेल तर तो मुद्दा तुझे वकील घेतीलच, घेऊ देत. पण सुरुवात त्यानं करू नकोस. पहिलं वाक्य "मी तिथं नव्हते" हेच असलं पाहिजे. मुदत गेली म्हणून सुटलेला माणूस आणि केलं नाही म्हणून सुटलेला माणूस यांना मी एका बाकावर बसवत नाही. बार रूममधले वकील मित्र यावरून मला हसायचे. हसू देत.

वकिलाच्या फीची काळजी नको. त्याच १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कराडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं अर्ज कर. वाट आधी समजून घ्यायची असेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, दुपारी जेवणाची सुट्टी टाळून. प्रत्येक तारखेला स्वतः जावं लागू नये म्हणून हजेरीतून सवलत मागता येते. पहिल्या तारखेला मात्र स्वतः जा.

त्या दिवशी काय होतं ते ऐक. नावांचा पुकारा होतो. माणसं रांगेनं पुढं जातात. साहेब विचारतात, गुन्हा कबूल आहे का? कबूल. दंड. पुढचा. कबूल. पुढचा. अर्ध्या लोकांना कलम कुठलं लागलंय हेही माहीत नसतं. तुझी पाळी येईल आणि तू "नाही साहेब" म्हणशील, तेव्हा तो ताल मोडेल. लिहिणारा कारकून मान वर करून बघेल. मागचा माणूस घड्याळाकडं बघेल. कुणीतरी हळूच सुचवेल, "अहो, भरून मोकळ्या व्हा की." त्या वेळी गप्प उभी राहा. कारण सांगत बसू नकोस, रडू नकोस, हसूही नकोस. नाही म्हणालीस, तेवढं पुरे. पुढचं सिद्ध करायचं काम त्यांचं.

हे अवघड आहे, आणि आपल्या गावात जरा जास्तच अवघड आहे असं माझं मत झालंय. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी तू लहान होतीस. एन. डी. पाटील सर पुढं आणि मागं अख्खं शहर, "देणार नाही" म्हणून. मीही होतो, काळा कोट घालून. टोल गेला. पण त्याच मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडलेले लोक मी नंतर कोर्टात दोनशे रुपयांना मान खाली घालून "कबूल" म्हणताना पाहिलेत. पन्नास हजार लोकांत उभं राहून नाही म्हणायला काय लागतंय? एकट्यानं, सकाळी अकरा वाजता, धंदा बुडवून म्हणायचं असतं तेव्हा कळतं.

आता तुझ्या आप्पांनी माझ्याबद्दल काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. रिक्षावाल्याची गोष्ट. तीही माझ्याच तोंडून ऐक. दंड शंभर रुपयांचा होता, तेव्हा कलम १७७ ला पहिल्या खेपेला शंभरच असायचे. जिल्ह्याबाहेरच्या एका कोर्टात केस होती. तो म्हणत होता भरतो, मी म्हटलं, तू केलंयस का? नाही म्हणाला. मग नाही भरायचे. केस रेंगाळली. साक्षीदार यायचा नाही, आला तर साहेब रजेवर. शेवटी सुटला. निकालाच्या दिवशी बाहेर आल्यावर म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही जिंकला. माझं मात्र दिवाळं निघालं." त्यानंतर स्टँडवर मला बघून तो तोंड फिरवायचा. फी मी घेतली नव्हती, पण ती गोष्ट कुणी सांगत नाही.

मी चुकलो असं आप्पांना वाटतं. मला वाटत नाही. बुडालेल्या दिवसांचा जाब मला काय विचारता? साक्षीदार वेळेवर न येणाऱ्यांना विचारा. त्याच्या नावावर न केलेला गुन्हा राहिला नाही, याची किंमत कुणी धरायचीच नाही का? माझ्याबरोबरच्यांनी जमिनीची कामं घेतली, ताराबाई पार्कात बंगले बांधले, एकजण न्यायाधीश झाला. मी रिक्षा, टेम्पो, दुधाच्या गाड्या यांचीच कामं केली. फीच्या जागी गुळाची ढेप घेतली, काकूची बोलणी खाल्ली. हौस म्हणून केलं नाही. शंभर रुपयांच्या माणसाला "कबूल म्हण" असं सांगणारे वकील पैशाला पासरी होते. "विचार, तू केलंयस का?" असं म्हणणारा एखादा तरी असायला नको?

खंत म्हणशील तर ती वेगळीच आहे. मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचसाठी आम्ही चाळीस वर्षं भांडलो. उपोषणं, मोर्चे, कामबंद, मुंबईच्या खेपा. १८ ऑगस्ट २०२५ ला बेंचचं काम सुरू झालं, आणि कुठं, तर सीपीआर दवाखान्यासमोरच्या आमच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, जिथं मी वकिलीची उमेदवारी केली. सहा जिल्हे तिच्याखाली आले, तुझं कराडही आलं. आणि माझे कान गेले. उजव्या कानाला यंत्र लावूनही साहेब काय म्हणतात ते ऐकू येत नाही, मग उभं राहून बोलायचं काय? वकिलीची सनद कपाटात आहे. तुझं प्रकरण काही तिथवर जाणार नाही, जाऊही नये. पण इतकी वर्षं भांडून कोर्ट दाराशी आणलं आणि आमच्याच पोरी "सवलतीत मिटतंय" म्हणायला लागल्या, तर मला राग येणार नाही का? याला तू म्हाताऱ्याचं दुखणं म्हण. असेल.

तू भित्री नाहीस. गेल्या पावसाळ्यात शिवाजी पुलाकडं पाणी चढत होतं तेव्हा रात्री माल फिरवून आणलास, हे मला आप्पांनीच अभिमानानं सांगितलं होतं. मग कोर्टातल्या एका लाकडी कठड्याला का घाबरतेस?

गुरुवारी संध्याकाळी सहानंतर ये. येताना फास्टॅगचं स्टेटमेंट, वजनकाट्याची पावती आणि साइटवरच्या तक्रारीचा क्रमांक आण. कराडला माझ्या एका जुन्या ज्युनियरची मुलगी वकिली करते, तिच्याशी बोलून ठेवतो. समितीच्या यादीत ती आहे का तेही विचारतो. पण फोनचं चलन भरल्याची पावती आधी माझ्यासमोर ठेवायची. ती नसेल तर मी तिला फोन लावणार नाही. आप्पांनाही घेऊन ये. काकू थालीपीठ करणार आहे, आणि त्यांना वाद घालायचा असेल तर खाऊन झाल्यावर घालू.

तुझा,
काका