आखाजीला जुळ्यांना घेऊन नाशिक ते जळगाव: आधी मागची सीट मोजा

सात महिन्यांची जुळी, छोटी हॅचबॅक, सोबत सासूबाई आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाशिकहून जळगावला माहेरी जायचंय, हे कसं जमवावं असा प्रश्न आहे. ताई, यातली खरी अडचण रस्ता नाही, मागची सीट आहे. कोण कुठे बसणार हे आठवडाभर आधी ठरलं नाही, तर चांदवड यायच्या आत एक बाळ मांडीवर आलेलं असतं.

टेप घ्या आणि मोजा. छोट्या हॅचबॅकची मागची बाजू दारापासून दारापर्यंत साधारण १२५ ते १३० सेंमी भरते. बाळाची एक कार सीट ४४ सेंमीच्या आसपास. दोन बसवल्या की मध्ये उरतात जेमतेम ४० सेंमी, त्यात मधल्या पट्ट्याचं बक्कल बहुतेक वेळा कार सीटखाली दबतं. तिथे मोठं माणूस अंग चोरून, बिनपट्ट्याचं बसेल. ते नको. सासूबाईंना नाशिकरोडहून रेल्वेने पाठवा, मनमाड-चाळीसगाव करत गाडी सरळ जळगावला जाते. नाहीतर सातसीटर भाड्याने घ्या. त्यात एक फायदा आहे: बाळांची तोंडं मागे असतात, त्यामुळे तिसऱ्या रांगेत बसलेल्याला दोघंही समोर दिसतात.

या वयात दोन्ही सीटा मागे तोंड करूनच. किमान १५ महिन्यांपर्यंत तरी हा नियम मोडू नका. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, अशी सीट कधीच ठेवायची नाही. आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट पट्ट्याशिवाय थेट गाडीला अडकवायच्या, कड्या बहुधा मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात, म्हणजे दोघांचं भागतं. कड्या नसतील तर पट्ट्याने बसवता येतं, पण काही गाड्यांचा पट्टा बाळाच्या सीटला वळसा घालायला कमी पडतो. विकत घेण्याआधी दुकानासमोर गाडी उभी करून बसवून बघा. मागे तोंड केलेली सीट लांबीलाही जागा खाते. ड्रायव्हर उंच असेल तर दोघांतली आखूड सीट त्याच्या मागे लावा. बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, अडीच सेंमीपेक्षा जास्त हलली तर परत आवळा.

मांडीवर घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ताशी ५० किमी वेगात धडक झाली तर ७ किलोचं बाळ शंभर किलोहून जास्त ओढ घेतं. कोणाच्याही हाताला ते धरवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९४बी कलमाखाली १००० रुपये दंड आहे, पण दंड हे लहान कारण.

आता कपडे, कारण आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. कुंची घालून बाळाला बसवलं की पाठीमागचं कापड डोक्याखाली गोळा होतं आणि हनुवटी छातीला टेकते. लहान बाळाचा श्वास असाच अडतो. दुपट्यात गुंडाळलेलं बाळही चालत नाही, पायांमधला पट्टा घालताच येत नाही. पातळ सुती झबलं, मग पट्टे, आणि गार वाटलं तर दुपटं वरून. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत प्रवासापुरते काढाच. करदोड्याची गाठ किंवा चांदीचा मणी बक्कलखाली आला तर तासाभरात वळ उठतो; तो बाजूला सरकवा. पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली हवेत, आणि खांद्याजवळ चिमटीत धरल्यावर घडी पडायला नको. जुळ्यांत एक जण हमखास वजनदार असतो, म्हणून दोन्ही सीटांचे पट्टे वेगळे लावून ठेवा आणि सीटांना वेगळ्या रंगाची नाडी बांधा. घाईत अदलाबदल होते.

जुळी बरेचदा वेळेआधी जन्मतात. तुमची तशी असतील आणि मान किंवा छाती अजून कच्ची असेल, तर लांबचा प्रवास आधी बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. नाहीतर सलग दीड तास, फार तर दोन तास, मग बाहेर काढून आडवं करायचं.

रस्ता साधारण २५० किमी. पहाटे पाचला निघा. मालेगाव आणि धुळे हे दोन मोठे थांबे, एरंडोल गरजेपुरतं. प्रत्येक थांब्याला ४५ मिनिटं धरा, कारण दोघांचं दूध, डायपर, ढेकर पाठोपाठच होतं. एक उठला की दुसऱ्यालाही उठवून पाजा. झोपलाय म्हणून सोडलात तर पारोळ्याला परत थांबाल. चालत्या गाडीत पाजणं, भरवणं नको, घास अडकला तर मागे बघायला कोणी नाही. पावडरचं दूध आयत्या वेळी करा: थर्मासमध्ये ७० अंशांहून गरम, उकळलेलं पाणी, डब्यांत मोजून पावडर, मग बाटली थंड करून द्यायची. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, तोंड लावलेलं तासाभरात. ऊन आहे म्हणून पातळ करू नका. डायपर बाळामागे दोन तासांना एक, वर निम्मे जास्त.

आखाजीच्या सुमारास खान्देशात पारा चाळिशीच्या पुढे असतो. उभ्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंश वाढतात. म्हणून एकाला गाडीत ठेवून दुसऱ्याला आत सोडून येणं, अगदी पाच मिनिटांसाठीही, नाही. एकट्याने उतरवायचं तर एक झोळीत अंगाला बांधून मग दुसरा उचलायचा. थांब्यावर सीटवर पांढरी चादर टाका; धातूचं बक्कल तापून चटका बसतो. बसवण्याआधी चारही दारं उघडून गरम हवा जाऊ द्या. मागे एसीचा झोत नसेल तर सीटच्या खोळीत पाठ भिजते, तेव्हा गार-गरम मानेवर हात लावून बघा, तळव्यांवर नाही.

गाडीत झोपावं म्हणून कोणी प्रोमेथाझिनचं सिरप सुचवलं तर साफ नाही म्हणा, दोन वर्षांखालच्यांना ते द्यायचंच नसतं. तापाच्या औषधाच्या बाटल्यांवर नावं लिहा. वजन वेगळं म्हणजे मात्रा वेगळी. कोणाला किती वाजता दिलं ते मोबाइलमध्ये तिथल्या तिथे नोंदवा, नाहीतर एकालाच दोनदा जातं.

येताना मात्र ऊन उलटं लागतं. सकाळी जळगावहून पश्चिमेला निघालात की सूर्य पाठीमागे असतो आणि मागच्या काचेतून थेट दोघांच्या डोळ्यांवर येतो. तिथे जाळीची शेड लावा, आरसा झाकणार नाही अशी पातळ. बाजूच्या काचेला पांढरं सुती कापड वरच्या फटीत अडकवून काच बंद केली की पुरतं.