वाचकांचे प्रश्न : दबावगट, पक्ष आणि मधली ओढाताण

प्रश्न : आमची संघटना एकाच मुद्द्यावर काम करते. काही सदस्य म्हणतात, पक्ष काढून निवडणूक लढवू. बाकीच्यांचे मत, दबावगट म्हणूनच राहावे. काम कशाने होते?

या प्रश्नाची अमेरिकेत एकदा चांगलीच परीक्षा झाली आहे. दारूबंदी या एकाच मागणीसाठी तिथे दोन्ही वाटा चोखाळून झाल्या. प्रोहिबिशन पार्टी १८६९ मध्ये निघाली. १८७२ पासून ती दर वेळी अध्यक्षपदासाठी उमेदवार देत राहिली. तिची सर्वांत चांगली कामगिरी १८९२ ची, तीही सव्वादोन टक्के मतांच्या आसपास. पुढच्याच वर्षी ओहायो राज्यात अँटी-सलून लीग (तिथे सलून म्हणजे दारूचा गुत्ता) सुरू झाली. लीगने स्वतःचा पक्ष काढलाच नाही. ती उमेदवाराला एवढेच विचारी : दारूबंदीला मत देणार की नाही? हो म्हणणारा कोणत्या पक्षाचा आहे, घरी बसून स्वतः पितो का, याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. दोन बलाढ्य पक्षांत चुरस असली की पाच-सात टक्के मते इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो, हे तिने ओळखले होते. १९१९ मध्ये दारूबंदी आणणाऱ्या अठराव्या घटनादुरुस्तीला मान्यता मिळाली. जे पक्षाला पन्नास वर्षांत साधले नव्हते ते लीगने पंचवीस-सव्वीस वर्षांत करून दाखवले.

मात्र यावरून ‘दबावगटच बरा’ असा सरसकट निष्कर्ष काढू नका. आधी निवडणूक पद्धत बघा. एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडून येत असेल आणि तुमचे समर्थक सगळीकडे दहा-दहा टक्के विखुरलेले असतील, तर पक्ष काढून हाती शून्य जागा येतील. वर ज्या मोठ्या पक्षाशी तुमचे जमते त्याचीच मते फुटतील. प्रमाणशीर पद्धतीत, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात तिथे, गणित बदलते. नेदरलँड्समध्ये कनिष्ठ सभागृहाच्या १५० जागा आहेत आणि एका जागेपुरती, म्हणजे सुमारे ०.६७ टक्के मते मिळाली की प्रवेश मिळतो. तिथे प्राण्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या पक्षाला २००६ मध्ये दोन जागा मिळाल्या. जर्मनीत पाच टक्के मतांचा उंबरठा आहे, तिथे एवढ्याशा ताकदीवर दार उघडत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेक संघटना विसरतात. पक्ष झालात की कर, संरक्षण, शिक्षण, पेन्शन अशा प्रत्येक विषयावर भूमिका घ्यावी लागते. तुमच्या मुद्द्यावर एकमत असलेले सदस्य करांवर एकमेकांचे गळे धरतात. संघटना फुटायला तेवढे पुरते.

प्रश्न : मग पक्षांची गरजच काय? प्रत्येक गटाने आपापले मागावे आणि सरकारने तोल साधावा.

तोल साधणारे सरकार पक्षच बनवतो, ही पहिली अडचण. राज्यशास्त्रात यासाठी दोन शब्द आहेत : हितसंबंधांचे प्रकटीकरण आणि हितसंबंधांचे एकत्रीकरण. पहिले काम गटांचे, दुसरे पक्षांचे. प्रवाशांना भाडे कमी हवे, रेल्वे कर्मचाऱ्यांना पगार वाढवून हवा, करदात्याला कर घटवून हवा. तिन्ही मागण्या रास्त असू शकतात, पण तिन्ही एकाच अंदाजपत्रकात बसत नाहीत. गटाला नुसते मागता येते. पक्षाला बेरीज करून दाखवावी लागते आणि पाच वर्षांनी त्याच मतदारासमोर उभे राहावे लागते.

दारूबंदीचा पुढचा भाग याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. घटनादुरुस्तीत शब्द होता ‘मादक पेये’. बियर आणि हलकी वाईन त्यातून सुटेल, अशी अनेक समर्थकांचीही समजूत होती. अंमलबजावणीसाठी १९१९ मध्ये आलेल्या व्होल्स्टेड कायद्याने व्याख्या केली : अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेले कोणतेही पेय मादक. सगळी लढाई त्या एका आकड्यात संपली. (कायद्याचा मसुदा हातात आला की आधी व्याख्यांचे कलम वाचावे, ते यासाठीच. त्यानंतर ‘करील’ आणि ‘करू शकेल’ हे शब्द शोधावेत. पहिल्यात अधिकाऱ्यावर बंधन असते, दुसऱ्यात त्याची मर्जी.)

पुढे बेकायदा धंदा फोफावला, दारूवरचा कर बुडाला, महामंदीत तिजोरी आटली. याचा जाब लीगला कोणी मतपेटीतून विचारू शकत नव्हते, कारण ती निवडणुकीत नव्हतीच. तो विचारला गेला पक्षांना. १९३२ च्या जाहीरनाम्यात डेमोक्रॅटिक पक्षाने बंदी रद्द करण्याचे वचन दिले आणि १९३३ मध्ये एकविसावी दुरुस्ती झाली. ती मान्यतेसाठी राज्यांच्या विधिमंडळांकडे पाठवलीच नाही, कारण तिथे दारूबंदीवाल्यांचा दबाव अजून भारी होता. त्यासाठी राज्याराज्यांत खास निवडलेल्या प्रतिनिधींची अधिवेशने भरवली गेली. अमेरिकी घटनेतली या मार्गाने मंजूर झालेली ही एकमेव दुरुस्ती आहे. गटाने अडवलेली वाट पक्षाने वळसा घालून पार केली, असे म्हणता येईल.

प्रश्न : बहुलवादी विचार असा की गट एकमेकांना रोखतात आणि सत्ता एका हाती जात नाही. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. चूक कुठे?

चूक ‘ज्याचे हित, त्याचा गट’ या गृहीतकात आहे. हिशेब मांडून बघा. एका नियमामुळे एक कोटी ग्राहकांना वर्षाला प्रत्येकी २० रुपये जास्त मोजावे लागतात (चलन कोणतेही धरा) आणि ते २० कोटी दहा उत्पादकांत वाटले जातात. प्रत्येक उत्पादकाला दोन कोटी. उत्पादक वकील नेमेल, राजधानीत कार्यालय थाटेल, प्रत्येक सुनावणीला माणूस पाठवेल. ग्राहक २० रुपयांसाठी बसभाडेही खर्च करणार नाही. शिवाय नियम रद्द झाला तर फायदा घरी बसलेल्यालाही मिळणार, मग मीच का धावू? मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हे नेमके मांडले. मोठा गट आपोआप बलवान होत नाही. बहुधा उलटच होते.

यावर संघटनांकडचा जुना तोडगा म्हणजे फक्त सदस्यालाच मिळेल असे काही देणे. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड इथे बेरोजगारी विम्याचे निधी परंपरेने कामगार संघटनांशी जोडलेले आहेत आणि तिथले कामगारांतले सदस्यांचे प्रमाण बराच काळ जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी राहिले आहे. तत्त्वनिष्ठेवर वर्गणी फार दिवस येत नाही.

दुसरी चूक सत्ता मोजण्यातली. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. शहर पुनर्विकास, शाळा आणि पक्षांची उमेदवारी या तीन क्षेत्रांत वेगवेगळ्या लोकांचे चालते, असे त्यांना आढळले. आक्षेप लगेच आला : जे विषय पटलावर येतच नाहीत त्यांचे काय? अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली शेजारशेजारची दोन पोलादनगरे घ्या. ईस्ट शिकागोने हवेच्या प्रदूषणाविरुद्ध १९४९ मध्ये नियम केला, गॅरीने १९६२ मध्ये. गॅरीत एकाच कंपनीचे वर्चस्व होते. कंपनीला विरोध करायची फारशी वेळच आली नाही, कारण विषय काढायला कोणी धजत नव्हते. सभेचे इतिवृत्त तपासून अशी सत्ता सापडत नाही.

प्रश्न : लॉबिंग म्हणजे वशिलेबाजीच ना? नोंदणीच्या कायद्याने काही फरक पडतो का?

माहिती, आकडे, मसुद्यातले पर्यायी शब्द घेऊन लोकप्रतिनिधीकडे जाणे (हेच लॉबिंग) आणि पाकीट घेऊन जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर बंदी घातली तर मंत्र्याला फक्त स्वतःच्या खात्याचेच ऐकू येईल. नोंदणीने फरक पडतो, पण कायद्यातली भोके बघावी लागतात. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार, एखाद्या अशिलासाठीच्या कामातला २० टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगवर गेला तर ती व्यक्ती लॉबिस्ट ठरत नाही. त्यामुळे बरेच जण ‘सल्लागार’ म्हणवून घेतात आणि नोंदवहीबाहेर राहतात. ब्रिटनचा २०१४ चा कायदा त्रयस्थांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिक लॉबिस्टांना लागू आहे. कंपनीचा पगारी माणूस मंत्र्याला भेटला तर त्यासाठी नोंदणी लागत नाही. जर्मनीची नोंदवही १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली. कॅनडात वरिष्ठ पद सोडल्यावर पाच वर्षे लॉबिंग करता येत नाही.

आमच्या मते तीन गोष्टी नोंदवहीत हव्यातच : कोण भेटले, कोणत्या कलमाबद्दल बोलले, पैसे कोणाचे. यातली दुसरी गाळली तर उरते ती भेटींची डायरी.

प्रश्न : ऑस्ट्रियात म्हणे गट सरकारसोबतच बसून ठरवतात. तो बहुलवादच का?

नाही, त्याला समूहवाद म्हणतात. तिथे कामगार आणि उद्योजक यांच्या ‘चेंबर’चे (त्या वर्गाच्या अधिकृत प्रतिनिधी संस्थेचे) सदस्यत्व कायद्याने सक्तीचे आहे आणि प्रत्येक बाजूने बोलणारी संस्था साधारण एकच असते. बहुलवादात गट कितीही, ऐच्छिक आणि एकमेकांशी स्पर्धा करणारे. समूहवादात वाटाघाटी लवकर आटोपतात आणि संप कमी होतात. पण ज्याचे चेंबर नाही त्याला त्या टेबलावर खुर्ची नसते.