युद्धाची तयारी: पोतं आधी की पीठ?

प्रश्न: मे २०२५ मधली मॉक ड्रिल टीव्हीवर पाहिल्यापासून सासूबाई ज्वारीची पोती भरून ठेवतायत. खरंच युद्ध पेटलं तर घरात काय असावं? (एक गृहिणी, उदगीर)

उत्तर: सासूबाईंना हसू नका, ताई. फक्त एक विचारा, वीज गेल्यावर गिरणी कशी चालणार? पाच-सहा किलो पीठ दळून ठेवा, जुनं झालं की वापरून नवं दळा. सोबत पोहे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. माळ्यावरचं जातं मात्र खाली काढाच.

पाण्याचं मी लातूरकरणीला काय सांगू! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून माझ्या घरात एक टाकी रिकामी राहत नाही. प्यायला नि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरा. पाच माणसांना तीन दिवसांचे साठ लिटर. बोअर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मोटार विजेवरच चालते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून झोपलो होतो, पहाटे चारच्या सुमारास घर हललं. वडिलांनी अंधारात देवळीतली बॅटरी चाचपून काढली, तर आत सेलच नव्हते! बॅटरी, सेल नि सेलवरचा रेडिओ आजही माझ्या उशाशी असतो. मुलं हसतात.

बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत, वर थोड्या सुट्या नोटा. आणि भोंगा चढ-उतार करत वाजला तर धोका, एकसुरी वाजला तर धोका टळला, एवढं सासूबाईंनाही सांगून ठेवा.