कृतिसंशोधन उलटे वाचले की सुधारणा

एक शिक्षक शाळेच्या सुधारणेसाठी कृतिसंशोधन, म्हणजे इंग्रजीतले 'ॲक्शन रिसर्च', कसे करायचे ते शिकत आहेत. प्रशिक्षणात त्यांना एकाच गोष्टीची तीन नावे भेटली: कृती संशोधन, कृतिसंशोधन आणि क्रियात्मक संशोधन. यांतले बरोबर कोणते, आणि यातली 'कृती' म्हणजे मुलांकडून करून घ्यायची कृती का, असे त्यांनी विचारले आहे.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तिथला गोंधळ ऐकून ऐकून जीव विटला आहे. ही कृती मुलांची नव्हे, शिक्षकाची. पाठाखाली 'कृती करा' असे छापलेले वाचून वाचून शिक्षणक्षेत्रात या शब्दाचा अर्थ 'मुलांना दिलेले काम' एवढाच उरला आहे. मग चार तक्ते लावले, दोन खेळ घेतले, आधी आणि नंतर चाचणी घेतली, की 'मी सातवीच्या वर्गावर कृतिसंशोधन केले' असे वाक्य तयार होते. त्या वाक्यातला 'वर' मला सर्वांत जास्त खुपतो. 'वर' लागला की वर्ग तपासायची वस्तू होतो आणि शिक्षक तपासनीस. कृतिसंशोधनात तपासायचे असते ते शिक्षकाचे स्वतःचे करणे.

उदाहरण देते. मुले उत्तरे देत नाहीत, ही तक्रार. 'मुलांमधील निरुत्साहाचा अभ्यास' असे शीर्षक घेतले की बोट मुलांकडे वळले. त्याऐवजी शिक्षकाने आपल्या तासाचे ध्वनिमुद्रण ऐकावे आणि प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो ते मोजावे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात हेच मोजले होते. शिक्षक सरासरी सुमारे 1 सेकंद थांबत आणि लगेच पुढे जात. तोच अवधी 3 सेकंदांच्या वर गेला की मुलांची उत्तरे लांबत आणि गप्प राहणाऱ्यांची संख्या घटे. आता हा शिक्षक पुढचे तीन आठवडे मुद्दाम थांबतो, टिपणे ठेवतो, पुन्हा ऐकतो, काय बदलले ते पाहतो आणि त्यावरून पुढची योजना बदलतो. हे कृतिसंशोधन. यात 'वर' कुठेच बसत नाही.

समास सोडवायचा तर कृतीतून संशोधन, कृतीसाठी संशोधन, कृती हेच संशोधन असे सगळे विग्रह लोक सांगतात आणि ते चालतात. मला मात्र साधा षष्ठीचाच विग्रह हवा आहे, कृतीचे संशोधन. का, ते 'संशोधन' उघडल्याशिवाय कळणार नाही.

संशोधन या शब्दाच्या पोटात 'शुध्' धातू आहे. शुध् म्हणजे शुद्ध होणे आणि शोधन म्हणजे शुद्ध करणे. 'हुडकणे' हा अर्थ नंतरचा. वैद्य पारा, गंधक, बचनाग यांचे शोधन करतात, तेव्हा ते काही हुडकत नसतात, त्यांतला दोष काढत असतात. ऋणशोधन म्हणजे कर्ज फेडून मोकळे होणे. मग मराठीत शोधणे म्हणजे हुडकणे कसे झाले? माझ्या मते दुवा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दिसतो. त्याच्या चौथ्या अधिकरणाचे, म्हणजे विभागाचे, नाव 'कण्टकशोधन'. राज्यातले काटे, म्हणजे लोकांना छळणारे गुन्हेगार, काढून टाकणे. पण काटा काढायचा तर आधी तो कुठे रुतला आहे ते पाहावे लागते. साफ करणे आणि हुडकणे ही इथे दोन कामे राहतच नाहीत. धान्य निवडताना खडा दिसणे आणि खडा काढणे एकाच बोटाने होते, तसेच हे.

आणि मराठीतला पुरावा तर याहून सुंदर आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शेवटच्या ओव्यांत ते सांगतात की ग्रंथ मुळात अतिशुद्धच आहे, पण पाठभेदांमुळे त्यात चुका शिरल्या, 'तो शोधूनियां' ही शुद्ध प्रत सिद्ध केली. या 'शोधूनियां'चा अर्थ काय घ्यायचा? हुडकून की शुद्ध करून? दोन्ही. पाठभेद हुडकले नसते तर प्रत शुद्ध झाली नसती, आणि प्रत शुद्ध करायचीच नसती तर पाठभेद हुडकण्याचे कारण नव्हते. मराठीत संशोधन या शब्दाचा अर्थ कोणी विचारला, तर मी ही ओवी पुढे करते.

हिंदीने हाच शब्द दुरुस्तीसाठी राखला आणि आपल्या 'संशोधना'साठी अनुसंधान, शोध हे शब्द घेतले. तो हिंदीचा हक्क. पण मराठी बातम्यांत 'घटना संशोधन विधेयक' ऐकू येते तेव्हा संताप होतो. घटनादुरुस्ती हा स्वच्छ शब्द असताना हे कशाला? मराठी वाचकाला वाटावे, कोणी राज्यघटनेवर प्रबंध लिहायला बसले आहे. तरी एक मान्य करायला हवे: कृतिसंशोधनात हिंदीचा दुरुस्तीचा अर्थ आणि मराठीचा शोधाचा अर्थ पुन्हा एका घरात नांदतात. आपली कृती पाहायची आणि पाहता पाहता दुरुस्त करायची.

आता ज्यासाठी मी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येते. प्रश्नात शब्द दोन आहेत, कृतिसंशोधन आणि सुधारणा. सुधारणे हे क्रियापद कुठून आले? कुंभकार म्हणजे कुंभार, लोहकार म्हणजे लोहार, सुवर्णकार म्हणजे सोनार, अंधकार म्हणजे अंधार. 'कार'मधला क गळतो आणि 'आर' उरतो. शब्दारंभीच्या संस्कृत 'शु'चा मराठीत स होतो: शुष्कचे सुके, शुण्डेची सोंड. मग 'शुद्धकार' याचे काय होईल? सुधार. सुधारणे म्हणजे शुद्ध करणे. साधासुधा माणूस म्हणतो त्यातला सुधाही मला याच शुद्धाचा वंशज वाटतो.

आता धातू मोजा. सुधारणेत आधी शुध् आणि मग कृ. कृतिसंशोधनात आधी कृ आणि मग शुध्. तेच दोन धातू, फक्त क्रम उलटा! 'शाळेच्या सुधारणेसाठी कृतिसंशोधन' या वाक्प्रयोगात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, एकदा प्राकृताच्या वाटेने झिजून आलेल्या शब्दात आणि एकदा संस्कृतातून नव्याने घडवलेल्या शब्दात. ज्याने ही संज्ञा घडवली त्याला हे जाणवले होते का, कोण जाणे. मला ते पहिल्यांदा दिसले त्या दिवशी दुसरे काही काम सुचले नाही.

सुधारणेची फोड 'सु अधिक धारणा' अशी करणारे पुष्कळ आहेत. ते चूक आहेत. 'सु' नामाला किंवा विशेषणाला लागतो: सुपुत्र, सुकर, सुबोध. मराठी क्रियापदाला तो चिकटत नाही. सुबोलणे, सुलिहिणे, सुचालणे असे कोणी म्हणते का? मग एकटे सुधारणेच कसे जन्मले? शिवाय चांगले धरून ठेवणे आणि चांगल्यासाठी बदलणे हे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध तोंडाचे आहेत. 'सुधरणे' हे रूप पुराव्यादाखल पुढे करतात, पण ते मरणे-मारणे, तरणे-तारणे या जोड्या पाहून मागाहून घडलेले आहे. आणि 'शुद्धकार हा शब्द संस्कृत ग्रंथात दाखवा' म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की बोलीत घडलेल्या प्रत्येक शब्दाची नोंद ग्रंथांनी ठेवलेली नसते. ध्वनिबदलाचा नियम जुळतो, अर्थ जुळतो, मला तेवढे पुरते.

प्रशिक्षणांत आणखी एक व्युत्पत्ती हमखास ऐकवली जाते: रिसर्चमधला 'री' म्हणजे पुन्हा, म्हणून रिसर्च म्हणजे पुन्हा शोधणे. हेही टाकून द्या. जुन्या फ्रेंचमधून आलेला तो 'री' जोर दाखवतो, कसून शोधणे, आपल्या संशोधनातल्या 'सम्'सारखा. खरी गंमत 'सर्च'मध्ये आहे. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधले 'सिर्कारे', म्हणजे फेरी घालणे, आणि त्याच्या मुळाशी वर्तुळ. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने 1946 मधल्या लेखात कृतिसंशोधनाच्या पद्धतीचे वर्णन चढत जाणाऱ्या फेऱ्या असेच केले: योजना, कृती, कृतीच्या परिणामाची तपासणी, आणि तिथून पुढची फेरी. ज्या संशोधनातून पुस्तकांखेरीज काहीच निघत नाही ते पुरेसे नाही, असेही त्याने त्याच लेखात बजावले. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी 1953 मध्ये ही पद्धत शाळेत नेली आणि पुस्तकाच्या शीर्षकातच शाळेतले व्यवहार सुधारण्याचा हेतू घातला. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 मध्ये शिक्षकालाच संशोधक म्हटले. कृतिसंशोधनाचे निष्कर्ष दुसऱ्या शाळेला लागू पडत नाहीत म्हणून ते कच्चे संशोधन, असे म्हणणाऱ्या पंडितांना हा षष्ठीचा विग्रह कळलेलाच नाही. ज्याची कृती, त्याचे शोधन. दुसऱ्याच्या कृतीचे शोधन तो दुसराच करील.

'क्रियात्मक संशोधन' हिंदीतल्या 'क्रियात्मक अनुसंधान'च्या वळणावर बेतलेले आहे. व्याकरणाने ते चुकीचे नाही, पण 'आत्मक' हे विशेषण कृतीला संशोधनाचा गुणधर्म करून टाकते. मग कोणाची कृती, हा प्रश्नच उठत नाही. मी ते वापरणार नाही.

राहिले लेखन. एकटा शब्द असताना 'कृती' दीर्घ, पण समासाचे पहिले पद झाला की तत्सम शब्दाचा संस्कृतात मुळात ऱ्हस्व असलेला इकार ऱ्हस्वच राहतो, जसे बुद्धी पण बुद्धिवैभव, कवी पण कविराज. म्हणून ति ऱ्हस्व आणि शब्द जोडून: कृतिसंशोधन.