मावशी, पळायचंय पण लोक हसतात

"मावशी, मी ४१ वर्षांची, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, दोन मुलं, नोकरी बीकेसीला. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ६.१ आलंय. रात्री तीनला जाग येते आणि मग डोक्यात ऑफिसच. डॉक्टर म्हणाले पळायला लागा. सासूबाई म्हणतात या वयात पळून गुडघे जातील, पिशवी खाली येईल. नेरूळची जाऊ पाम बीच रोडवर दहा-दहा किलोमीटर पळून फोटो टाकते. मी सोसायटीत पळाले तर गेटपर्यंतच धाप लागली, बाकावरचे काका लोक हसले. सकाळी वेळही नसतो, डबे असतात. काय करू? – धापा टाकणारी"

अगं, गेटपर्यंत धाप लागली ती वयामुळे नाही, जोरात पळालीस म्हणून. शाळा सुटल्यापासून आपण पळतो ते फक्त सुटणाऱ्या लोकलमागे, त्यामुळे पळायचं म्हटलं की अंगात तेच येतं. पळताना एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, फोनवर वाण्याला सामान सांगता येईल इतपत, आणि ते जमत नसेल तर वेग कमी कर, चालणाऱ्या आजी पुढे गेल्या तरी जाऊ देत. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, बस. मग हळूहळू पळायचं मिनिट वाढव.

आता शुगरचं. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, तू अजून डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहेस. पळताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाट बघत नाहीत, आणि नंतरही साधारण दिवस-दीड दिवस शरीर इन्सुलिनला नीट दाद देतं. म्हणून रविवारी एकदाच दणकून पळण्यापेक्षा एक दिवसाआड थोडं थोडं बरं. बीपी, कोलेस्टेरॉल, हाडं यांनाही फायदा होतो, आणि हाडांचं तर पाळी जायच्या आधीच बघायला हवं.

सासूबाईंशी भांडू नकोस पण गुडघ्यांचं त्यांचं चुकतंय. हौशी पळणाऱ्यांचे गुडघे न पळणाऱ्यांपेक्षा जास्त झिजलेले दिसत नाहीत, उलट कमीच. गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा एकदम जास्त पळाल्यामुळे नाहीतर मांड्या-कुल्ले कमजोर असल्यामुळे, म्हणून घरी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करत जा. पिशवीचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. शिंकताना, पळताना लघवीचे थेंब येत असतील किंवा खाली जड वाटत असेल तर आधी गायनॅकला दाखव, त्याचे व्यायाम असतात आणि बायका लाजून वर्षानुवर्षं सांगत नाहीत. तसला काही त्रास नसेल तर खुशाल पळ. छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र तिथेच थांब आणि डॉक्टरांकडे जा.

जावेचे फोटो म्यूट कर. अमेरिकेतल्या ५५ हजार लोकांवरचा २०१४ चा एक मोठा अभ्यास आहे, त्यात रोज पाच-दहा मिनिटं, तेही हळूच, पळणाऱ्यांमध्येसुद्धा हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं. दहा किलोमीटर हा तिचा शौक आहे गं, तुझं औषध नाही.

रात्री तीनला जाग येण्याचं पत्रात एका ओळीत उरकलंस पण मला तेच जास्त खुपलं. नियमित पळणाऱ्यांना झोप गाढ लागते, आणि पळताना श्वास, खड्डे, कुत्री यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं त्यामुळे बॉसला डोक्यात फार जागा उरत नाही. नंतर बराच वेळ मन हलकं वाटतं हेही खरं. सौम्य डिप्रेशन, चिंता यात व्यायामाने खरंच फरक पडतो. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रडू येतंय, कशातच रस वाटत नाहीये, जगणं नको वाटतंय असं असेल तर नुसत्या पळण्यावर भागवू नकोस, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. आपल्याकडे "ठाण्याला पाठवा हिला", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, असले जोक ऐकतच आपण मोठ्या झालो, त्यामुळे ठाण्यातच राहून डॉक्टरकडे जायची लाज वाटते हे मला कळतं, तरी जा.

जागा म्हणशील तर घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर पळू नकोस, धूळ आणि उलटे येणारे बाइकवाले. रविवारी उपवनला जा, तलावाकाठी सगळ्या वयाची, सगळ्या आकाराची माणसं असतात, कोणी कोणाकडे बघत नाही. येऊरच्या चढावर इतक्यात नको आणि अंधारात तर नकोच, बिबट्याचा एरिया आहे तो. एरवी सोसायटीचा पोडियम बेस्ट. काका लोक आठवडाभर बघतील, मग पार्किंगच्या भांडणात रमतील. पैसे घालायचेच तर चांगले शूज आणि नीट फिटिंगची स्पोर्ट्स ब्रा यात घाल, घड्याळ नको.

आणि वेळ नसतो म्हणालीस, त्यात नवऱ्याचा उल्लेखच नाही! सोम-बुध-शुक्र सकाळचे डबे त्याच्याकडे. पोळ्या आदल्या रात्री करून ठेवू नकोस, नाहीतर तो शिकायचाच नाही. डब्यात ब्रेड-ऑम्लेट गेलं तर जाऊ दे, पोरं खूश होतील.